आरएमध्ये शिरायचंय? मग अप्रेंटिसशिपचं एक वर्ष असं वापरा

बी.फार्म झालंय, रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे आरएमध्ये जायचंय, पण ज्या त्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतात, मग पहिला अनुभव द्यायचा कोणी? रिझल्ट लागले की हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, कधी भाचीची मैत्रीण, कधी गावाकडचं कुणी, कधी अगदी अनोळखी मुलगा. दरवेळी फोनवर अर्धा तास तेच बोलते, म्हणून आता एकदा नीट लिहूनच काढतेय. मी कराडकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.फार्मनंतर एका फॉर्म्युलेशन कंपनीत, म्हणजे तयार औषधं बनवणाऱ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागले आणि तिथूनच आरएमध्ये आले, आता माझ्या टीममध्ये दरवर्षी एक-दोन अप्रेंटिस असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

आधी हे काम नेमकं काय ते, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात आरए म्हणजे फॉर्म भरणं एवढंच असतं. औषध किंवा मेडिकल डिव्हाइस बाजारात आणायचं तर सरकारी यंत्रणेला पटवून द्यावं लागतं की हे सुरक्षित आहे, काम करतं आणि प्रत्येक बॅच सारखीच बनते. ते पटवायचं कागदांनी, म्हणजे डॉसियरने. आपल्याकडे पाया १९४०चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स अ‍ॅक्ट आणि १९४५चे नियम, नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलसाठी २०१९चे नियम, डिव्हाइससाठी २०१७चे. केंद्रात औषधांवर नियंत्रण ठेवणारी सीडीएससीओ, तिचे प्रमुख म्हणजे डीसीजीआय, राज्यात आपलं एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन, गोव्याचं वेगळं एफडीए. आणि कंपनी एक्सपोर्ट करत असेल तर यूएसएफडीए, युरोपची ईएमए, ब्रिटनची एमएचआरए, ऑस्ट्रेलियाची टीजीए, ब्राझीलची अँविसा, प्रत्येकाची मागणी थोडी वेगळी. या सगळ्यांच्या आणि कारखान्याच्या मधे जो माणूस बसतो तो आरएवाला.

हे काम का महत्त्वाचं आहे ते मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये १४ पेशंट दगावले, त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. त्याला चाळीस वर्षं होत आली, आणि २०२२ मध्ये गांबियात, २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे पुन्हा तेच विष खोकल्याच्या औषधात सापडलं, छिंदवाड्याची कितीतरी आजारी लेकरं आपल्या नागपूरला आणली होती, त्यातली काही वाचली नाहीत. सिरपमध्ये घालतात त्या ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलची टेस्ट फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या पुस्तकात आहे, करायला अवघड नाही. प्रश्न एवढाच असतो की ती त्या ड्रमवर खरंच केली का, आणि केल्याची नोंद कुठे आहे. हे मी पहिल्याच पानावर सांगतेय कारण अख्ख्या वर्षात शिकायची गोष्ट हीच आहे, कागदावरचा आकडा दिसला की तो कुठून आला हे मागे मागे जाऊन शोधता आलं पाहिजे. बाकी फॉरमॅट वगैरे सहा महिन्यांत येतो.

आता अप्रेंटिसशिप मिळवायची कशी. दोन सरकारी दारं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक नॅट्स, हे शिक्षण मंत्रालयाचं, डिग्री आणि डिप्लोमावाल्यांसाठी, आणि आपल्या भागात ते बघतं मुंबईत सायनला असलेलं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं पश्चिम विभागाचं ऑफिस, ज्याला सगळे बोट म्हणतात. दुसरं नॅप्स, कौशल्य विकास मंत्रालयाचं, २०१६ पासून, त्यात आयटीआयवाले आणि छोट्या कोर्सवाले जास्त. बी.फार्म, बी.एस्सी., बायोमेडिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर असाल तर आधी नॅट्स बघा. दोन्हींच्या मागे कायदा एकच, १९६१चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट, आणि त्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे कंपनीच्या एचआरला फोन करताना तुम्ही उपकार मागत नाही आहात हे लक्षात ठेवा, त्यांनाही माणसं भरायची असतात.

पोर्टलवर नाव नोंदवताना आधार, मार्कशीट, डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि आधारला जोडलेलं बँक खातं हाताशी ठेवा, खातं जोडलेलं नसेल तर स्टायपेंडमधला सरकारी वाटा अडकतो, आमच्याकडच्या एका मुलाचा असाच अडकला होता आणि बिचारा रूमभाड्यासाठी घरून पैसे मागवत होता. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा ग्रॅज्युएटला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० ठरले होते. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, म्हणून जॉइन व्हायच्या आधी आकडा लेखी घ्या. मुदत साधारण एक वर्ष.

पोर्टलवर नाव टाकून वाट बघत बसू नका मात्र. माझ्या अनुभवात ज्यांना लवकर मिळालं ते स्वतः एमआयडीसीत फिरले. आपल्याकडे फार्मा कुठे आहे ते माहितीच असेल, तारापूर-बोईसर, अंबरनाथ, पाताळगंगा, महाड, लोटे, कुरकुंभ, नाशिकला सातपूर-अंबड आणि सिन्नर, संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, तिकडे गोव्यात वेर्णा, कुंडई. यात कुठे बल्क म्हणजे एपीआय, औषधातला मूळ घटक, आणि कुठे फॉर्म्युलेशन ते आधी बघून घ्या, कारण दोन्हीकडचं शिकणं वेगळं. आणि आरएचं ऑफिस बऱ्याचदा प्लांटवर नसतंच, मुंबई-ठाण्याला हेड ऑफिसमध्ये असतं, प्लांटवर एखादा माणूस बसतो. हे विचारून घ्या.

इथे माझं एक ठाम मत आहे. आरएमध्ये थेट सीट मिळाली नाही तर रडत बसू नका, क्यूए म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स घ्या, तेही डॉक्युमेंटेशन असेल तर उत्तम, नाहीतर क्यूसी, म्हणजे लॅबमधलं टेस्टिंग घ्या. मी तर म्हणेन थेट हेड ऑफिसच्या आरएमध्ये बसून वर्षभर पीडीएफला बुकमार्क लावणाऱ्या पोरापेक्षा प्लांटवर क्यूएमध्ये वर्ष काढलेली पोरगी पुढे जास्त चांगली आरए करते, कारण तिने ग्रॅन्युलेशन, म्हणजे पावडरचे दाणे होताना बघितलेलं असतं, औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनवर सॅम्पल लागताना बघितलेलं असतं, बीएमआरच्या, म्हणजे बॅच बनवतानाच्या नोंदींच्या पानावर ऑपरेटर कुठे सही करायला विसरतो हे तिला माहीत असतं. मी स्वतः पहिले पाच महिने आयपीक्यूए म्हणजे लाइनवरच्या क्यूएमध्ये होते, लाइनवर उभं राहून टॅब्लेटचं वजन आणि हार्डनेस बघायचे, तेव्हा वाटायचं हे काय करतेय, आता डॉसियरमधला मॅन्युफॅक्चरिंगचा भाग वाचला की ती मशीनच डोळ्यासमोर येते.

इंटरव्ह्यूची तयारी घरातच करता येते आणि फुकट. घरातल्या डब्यातून औषधाच्या चार-पाच स्ट्रिप काढा आणि लेबल वाचा, अक्षर न् अक्षर. नाव, किती मात्रा, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, हे सगळं नियम ९६ मध्ये मागितलंय. मग बघा कुठल्या स्ट्रिपवर आरएक्सचं चिन्ह आहे, कुठे लाल चौकटीत इशारा आहे, तो शेड्यूल एच१ या जास्त कडक यादीतल्या औषधांचा, ही यादी २०१४च्या मार्चपासून लागू झाली, तिच्यात बरीच अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं आहेत. काही ब्रँडवर क्यूआर कोड दिसेल, तो १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडना सक्तीचा झाला, स्कॅन करा आणि आत काय काय येतं ते स्ट्रिपवरच्या मजकुराशी ताडून बघा. बनवणारा एक आणि विकणारा दुसरा असं दिसलं तर का ते शोधा. इंटरव्ह्यूत एखाद्या मुलीने सांगितलं की मी घरच्या सात स्ट्रिप वाचल्या आणि एकीवर मला हे वेगळं दिसलं, तर मी तिला तिथेच घेते, मार्क मी बघतही नाही.

बाकी वाचायचं ते थोडंच पण नीट. सीटीडीचे, म्हणजे डॉसियरच्या आंतरराष्ट्रीय साच्याचे पाच मॉड्यूल पाठ पाहिजेत, पहिलं त्या त्या देशाचं प्रशासकीय, दुसरं सारांश, तिसरं क्वालिटी, चौथं प्राण्यांवरचे वगैरे नॉन-क्लिनिकल अभ्यास, पाचवं क्लिनिकल. जेनेरिक कंपनीत तुमचं आयुष्य तिसऱ्या मॉड्यूलमध्ये जाणार, त्यात एस म्हणजे ड्रग सबस्टन्स, मूळ घटक, आणि पी म्हणजे ड्रग प्रॉडक्ट, तयार औषध. आसियानचा फॉरमॅट वेगळा असतो, त्यात भाग चार. देशोदेशीचे औषधनियम जुळवणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या गाइडलाइन फुकट डाउनलोड होतात, सुरुवातीला क्यू१ए स्टॅबिलिटीची, म्हणजे औषध किती काळ टिकतं त्याची, आणि एम४ सीटीडीची एवढ्या दोन घ्या. इंग्रजी जड जातं अशी तक्रार मला मराठी माध्यमातली मुलं नेहमी करतात, मलाही जायचं, मी रोज दोन पानं वाचून वहीत मराठीत लिहायचे, माझ्या शब्दांत, की इथे हे लोक नक्की काय मागतायत. ती वही अजून आहे माझ्याकडे. गाइडलाइनची इंग्रजी साहित्याची नसते, तेच तेच दोनशे-तीनशे शब्द फिरून फिरून येतात, दोन महिन्यांत सरावते.

जॉइन झाल्यावर पहिले काही आठवडे नुसती एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धती वाचायला देतात आणि ट्रेनिंग रेकॉर्डवर सही घेतात. कंटाळा येतो खरा. पण न वाचता सही करू नका, हे मी जीव तोडून सांगतेय. ती तुमच्या करिअरमधली पहिली जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतीच्या नियमांची) सही आहे आणि न वाचता वाचल्याची सही केली की तिथून सवय लागते.

मग डॉक्युमेंटेशनचे नियम अंगात मुरवा. नोंद ज्याने काम केलं त्यानेच करायची, वाचता येईल अशी, काम करतानाच, मूळ कागदावरच, आणि खरी. याला इंडस्ट्रीत अल्कोआ म्हणतात. चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, चिठ्ठीवर लिहून नंतर उतरवणं नाही. मागची तारीख टाकून सही करायला कुणी सांगितलं, कितीही मोठ्या माणसाने, तरी करायची नाही. माझ्यावर ही वेळ आली होती, सहाव्या महिन्यात, ऑडिट तीन दिवसांवर होतं आणि एका सिनियरने लॉगबुक पुढे केलं की राहिलेल्या सह्या मारून टाक, तू तेव्हा ड्युटीवर होतीसच की. मी ड्युटीवर होते हे खरं, पण ती साफसफाई मी तपासली नव्हती. हात थरथरत होते, पण म्हटलं सर, मी हे बघितलेलं नाही, मी सही नाही करणार, हवं तर नोंद राहून गेली असं डेविएशन, म्हणजे चुकीची रीतसर नोंद मी लिहून काढते. ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. डेविएशन लिहिलं गेलं, ऑडिटरने ते वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढे गेला. राहून गेलेली नोंद निस्तरता येते, खोटी नोंद निस्तरता येत नाही, आणि अप्रेंटिसची सही पण सहीच असते.

आता मुख्य अभ्यास. तीन-चार महिने झाले, लोक ओळखायला लागले की तुमच्या सिनियरला विचारा, आधीच सबमिट झालेल्या एखाद्या प्रॉडक्टचं मॉड्यूल तीन मला वाचायला मिळेल का, नवीन नको, जुनंच द्या. मग ३.२.पी.८ उघडा, स्टॅबिलिटीचा भाग. त्यात टेबल असतं, २५ डिग्री ६० टक्के आर्द्रतेला इतके महिने, ४० डिग्री ७५ टक्क्यांना सहा महिने, आणि ब्राझील किंवा आसियानसाठी असेल तर ३० डिग्री ७५ टक्के. त्यातला कुठलाही एक आकडा बोट ठेवून निवडा, समजा सहा महिन्यांचा ‘अ‍ॅसे’ (assay), म्हणजे गोळीत औषध किती उरलंय तो आकडा. आता त्याच्या मागे लागा. हा आकडा स्टॅबिलिटी रिपोर्टमध्ये कुठल्या पानावर आहे, तिथून क्यूसीच्या वर्कशीटवर, तिथून क्रोमॅटोग्राम म्हणजे एचपीएलसीच्या आलेखावर, त्या दिवशी तुलनेसाठी स्टँडर्ड कुठलं वापरलं, त्याची पोटेन्सी किती धरली, एचपीएलसीचं कॅलिब्रेशन त्या तारखेला चालू होतं का, सॅम्पल चेंबरमधून कधी काढलं आणि टेस्ट कधी झाली, मधे किती दिवस गेले आणि प्रोटोकॉलमध्ये किती दिवसांची मुभा आहे, ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ठेवतो त्या नोंदीत, सॅम्पलचं तेच इंजेक्शन दोनदा तर मारलेलं नाही ना. पहिल्यांदा मला हे करायला चार दिवस लागले होते, क्यूसीतल्या ताई वैतागल्या होत्या, पण चौथ्या दिवशी त्यांनीच बाजूला बसवून इंटिग्रेशन, म्हणजे आलेखावरून आकडा कसा काढतात ते दाखवलं. असे पाच आकडे काढा, वेगवेगळ्या जागचे, एक अ‍ॅसेचा, एक डिझोल्यूशन म्हणजे गोळी विरघळण्याचा, एक इम्प्युरिटीचा, एक प्रोसेस व्हॅलिडेशनच्या तीन बॅचपैकी कुठल्या तरी एकीचा, एक पॅकिंग मटेरियलच्या स्पेकचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादांचा. वहीत तीन रकाने करा, डॉसियरमध्ये काय लिहिलंय, ते कुठून आलं, सही कोणाची. कंपनीचा डेटा मात्र वहीत उतरवायचा नाही, फक्त वाट लिहायची, कुठल्या कागदावरून कुठल्या कागदावर गेलात ती.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका अप्रेंटिसला हाच अभ्यास एका नव्या डॉसियरवर करताना एका टेबलमध्ये आकड्यांची अदलाबदल सापडली, दशांश चिन्हाच्या मागचा आणि पुढचा आकडा टाइप करताना उलटे झाले होते, दोन जणांनी तपासून सही केलेलं टेबल, आणि ते डॉसियर पुढच्या आठवड्यात जाणार होतं. रिझल्ट स्पेकमध्येच होता, पेशंटला काही धोका नव्हता, पण एजन्सीला एकदा असा आकडा दिसला की मग ती बाकीच्या सगळ्या आकड्यांकडे संशयाने बघते आणि क्वेरीवर क्वेरी येतात. तो मुलगा घाबरत घाबरत सांगायला आला होता, की मॅडम माझंच काहीतरी चुकत असेल. नव्हतं चुकत. आज तो आमच्याकडे पर्मनंट आहे.

उरलेल्या महिन्यांत तीन गोष्टी जवळून बघायला मिळाल्या तर वर्ष सार्थकी लागलं समजा. एक क्वेरीचं उत्तर. एजन्सी प्रश्न पाठवते, यूएसएफडीएला अर्ज मंजूर करण्यात अडचण असेल तर ते कम्प्लीट रिस्पॉन्स लेटर पाठवतात, सीडीएससीओची क्वेरी ऑनलाइन येते. प्रश्न नीट वाचणं हेच अर्ध उत्तर असतं, एका वाक्यात तीन प्रश्न लपलेले असतात आणि नवशिके दोनाचंच उत्तर देतात, म्हणून प्रश्नाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासमोर उत्तर लिहायची सवय लावा. दुसरं चेंज कंट्रोल. कच्च्या मालाचा सप्लायर बदलला, बॅच साइज वाढवली, बाटलीचं झाकण बदललं, की आरएला विचारतात कुठल्या देशात आधी परवानगी घ्यायची आणि कुठे नंतर कळवलं तरी चालेल. युरोपात बदलांचे छोट्यापासून मोठ्यापर्यंत टाइप आयए, आयबी, दोन असे प्रकार, अमेरिकेत काही वार्षिक रिपोर्टमध्ये जातात, काही कळवून करायचे ते सीबीई म्हणून आणि मोठे असतील तर आधी मंजुरी घेऊनच, याला पीएएस म्हणतात. एकच बदल दहा देशांत दहा रस्त्यांनी जातो, तो तक्ता एकदा स्वतः बनवून बघा, डोकं चालायला लागतं. तिसरं आर्टवर्क, म्हणजे लेबल, कार्टन, आतलं पत्रक. यात चूक झाली तर माल परत मागवावा लागतो, आणि चूक असते एखाद्या अक्षराची.

डिव्हाइसबद्दल वेगळं सांगते, कारण इंजिनिअर मुलांना ही वाट माहीतच नसते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी मेडिकल डिव्हाइसेस कायद्याने औषधाच्या व्याख्येत आली, मग ए (त्यातली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी सोडून) आणि बी क्लासला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी, डीला १ ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स लागायला लागलं. ए म्हणजे सगळ्यात कमी जोखीम, डी म्हणजे स्टेंट, हार्ट व्हॉल्व्हसारख्या गोष्टी. ए-बी बनवायचं लायसन्स राज्याकडून, एमडी-५, सी-डीचं केंद्राकडून, एमडी-९, बाहेरून आणायचं तर एमडी-१५. ज्या छोट्या कंपन्या वर्षानुवर्षं लायसन्सशिवाय डिव्हाइस बनवत होत्या त्यांना एकदम डिव्हाइस मास्टर फाइल, प्लांट मास्टर फाइल, क्वालिटी सिस्टिमसाठी आयएसओ १३४८५, रिस्क मॅनेजमेंटसाठी १४९७१ हे सगळं उभं करावं लागलं आणि ते येणारी माणसं फारशी नाहीत. बायोमेडिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकलवाल्यांनी इथे जरूर बघावं. छोट्या डिव्हाइस कंपनीत अप्रेंटिसला सगळंच करावं लागतं, दमायला होतं पण शिकायला खूप मिळतं.

औषधांतही तसंच चाललंय. सुधारित शेड्यूल एमची, म्हणजे कारखान्यांनी पाळायच्या उत्पादनाच्या नियमांची अधिसूचना २८ डिसेंबर २०२३ची, त्यात क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट, प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू असलं बरंच काही आलं, २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या ज्या कारखान्यांनी मुदतवाढ मागितली त्यांना २०२५च्या अखेरपर्यंत वेळ दिला होता. म्हणजे नाव मोठं नसलेल्या कारखान्यातही आता कागद नीट ठेवणारी माणसं हवी आहेत, तिथे जायला कमीपणा मानू नका.

आणखी एक वाट फार्माकोव्हिजिलन्सची, औषध बाजारात आल्यावर त्याचे दुष्परिणाम गोळा करणं. आपला राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, समन्वय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, आणि मेडिकल कॉलेजांमध्ये त्याची केंद्रं आहेत. ज्यांना पेशंटच्या बाजूने विचार करायला आवडतं त्यांना ते काम जमतं.

ड्रग इन्स्पेक्टर व्हायचंय असंही बरेच जण विचारतात. ती वेगळी परीक्षा, राज्यात एमपीएससी, केंद्रात यूपीएससी, अप्रेंटिसशिप करून थेट आत जाता येत नाही. पण ज्याने कारखाना आतून बघितलाय तो इन्स्पेक्टर झाल्यावर कुठे बघायचं ते ओळखतो, त्यामुळे वर्ष वाया जात नाही.

आता सावध राहायच्या गोष्टी. नॅट्स किंवा नॅप्सच्या अप्रेंटिसशिपसाठी कुणीही पैसे मागितले तर तिथेच थांबा. प्लेसमेंटची हमी देऊन चाळीस-पन्नास हजारांचे आरए सर्टिफिकेट कोर्स विकणारे खूप आहेत, त्यात जे शिकवतात त्यातलं बरंच गाइडलाइनमध्ये फुकट आहे. कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर रजिस्टर झालंय की नाही ते पहिल्याच महिन्यात बघा, नुसतं कंपनीच्या लेटरहेडवर अप्रेंटिस लिहिलेलं असेल तर वर्षाच्या शेवटी सरकारी सर्टिफिकेट मिळणार नाही. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकणारा असतो, त्यामुळे शेवटी नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही, हे आधीच घरी आईवडिलांना सांगून ठेवा. पण कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे आणि सेफ्टीचे नियम तुम्हालाही लागू आहेत, सॉल्व्हंटच्या एरियात मास्क-गॉगल मागायला लाजू नका. आणि वर्षभर नुसतं झेरॉक्स आणि फाइल रचणं चाललं असेल तर तिसऱ्या महिन्यातच बोला, आधी सिनियरशी, मग एचआरशी, ट्रेनिंगचा प्रोग्राम दाखवा म्हणून, आणि तिथेही काही झालं नाही तर बोटकडे लिहा. अकराव्या महिन्यात बोलून काही उपयोग नसतो.

कंपनीचा एकही कागद स्वतःच्या मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचा नाही, फोटोसुद्धा नाही, अगदी मैत्रिणीला फॉरमॅट दाखवायला पण नाही. यावरून चांगल्या चांगल्या मुलांना घरी जावं लागलेलं मी बघितलंय.

शिकत असाल अजून, तर बी.फार्मच्या सातव्या सेमिस्टरला दीडशे तासांची प्रॅक्टिस स्कूल असते, ती अशीतशी उरकू नका, शक्य असेल तर आरए किंवा क्यूएचाच विषय घ्या. एम.फार्म करावं का? रेग्युलेटरी अफेअर्समध्ये एम.फार्म आहे आणि चांगलं आहे, पण माझा सल्ला आधी वर्षभर काम करा आणि मग ठरवा, काम बघितल्यावर तोच अभ्यासक्रम वेगळा दिसतो. घरची परिस्थिती आधी कमवा म्हणणारी असेल तर अप्रेंटिसशिपनंतर सरळ नोकरी धरा, एम.फार्म नसलेले कितीतरी आरए मॅनेजर मला माहीत आहेत.

शेवटच्या महिन्यात तीन कामं उरतात. बोर्डाचं सर्टिफिकेट वेळेत निघेल यासाठी कंपनीने पोर्टलवरच्या नोंदी पूर्ण केल्या का ते एचआरकडे जाऊन बघा, नुसतं विचारू नका, स्क्रीनवर बघा. ज्या सिनियरसोबत काम केलंत त्यांच्याकडून काय काय शिकलात ते लिहिलेलं एक पत्र मागा. आणि बायोडेटा नव्याने लिहा, त्यात प्रॉडक्टचं किंवा क्लायंटचं नाव टाकायचं नाही, पण काम स्पष्ट लिहायचं, की ओरल सॉलिड डोसेजच्या डॉसियरमध्ये स्टॅबिलिटी आणि प्रोसेस व्हॅलिडेशनचा डेटा मूळ नोंदींपर्यंत तपासला, दोन देशांसाठी लेबलची तुलना केली, चेंज कंट्रोलचा तक्ता बनवला. समोरचा विचारेलच, तपासला म्हणजे नक्की काय केलं, मग त्या पाच आकड्यांपैकी एक निवडा आणि चेंबरमधून सॅम्पल बाहेर काढल्यापासून सांगायला सुरुवात करा.